आलं घालून गोडाचं आणि तिखटमिठाचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्याबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘किती घालू?’ माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: आलं कधी घालायचं आणि कसं चिरायचं. तेवढंच आलं, तोच पदार्थ, पण सुरुवातीला तेलात पडलं तर एक चव आणि शेवटी वरून पिळलं तर दुसरीच. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्याशी येतात.

आलं निवडताना काय बघायचं?

हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. ताज्या आल्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं, त्यामुळे वजनावरून ताजेपणा लगेच कळतो. साल ताणलेली, तुकतुकीत हवी. एखादं पेर मोडून पाहता आलं तर कट्‌कन मोडलं पाहिजे आणि मोडलेल्या जागी ओल दिसली पाहिजे. वाकवल्यावर रबरासारखं वाकणारं आलं ठेवून द्या. पेरांच्या खाचांत आणि तुटलेल्या टोकांवर बुरशी आधी धरते, म्हणून नजर तिथे टाका.

यानंतर कोवळं की जून हे ठरवायचं. साधारण पाच महिन्यांत काढलेलं आलं कोवळं असतं: साल कागदासारखी पातळ, कोंबाची टोकं गुलाबीसर, आत रेषा जवळपास नाहीत. आठ ते दहा महिन्यांचं आलं जून: साल जाड आणि तपकिरी, आत दोरे, पण रस झणझणीत. जून म्हणजे वाईट असा समज करून घेऊ नका. रस काढायला, सिरप करायला, रश्शात उकळायला जूनच चांगलं. सॅलड, व्हिनेगरमधलं लोणचं, माशावर घालायचे बारीक काप, म्हणजे जिथे आलं दाताखाली येणार आहे, तिथे कोवळं शोधा.

साल काढायलाच हवी का?

गाळून टाकणार असाल तर नको, स्वच्छ घासून धुतलं की पुरे. किसून किंवा वाटून घालणार असाल आणि आलं कोवळं असेल तरी नको. जून आल्याची साल मात्र काढा, ती तोंडात येते आणि तिला मातकट चव असते. सुरीनं काढाल तर सालीबरोबर बराच गर जाईल. चमच्याच्या कडेनं खरवडा. चमचा खाचाखोचांतही फिरतो आणि साल तेवढीच निघते.

किसायचं, चिरायचं, ठेचायचं की वाटायचं?

आल्यातले दोरे गाठीच्या लांबीला धरून जातात. लांबीला चिरलंत तर ते अख्खेच्या अख्खे राहतात आणि जेवताना दातांत अडकतात. म्हणून आधी आडव्या, पातळ चकत्या काढा. सुरी त्या दोऱ्यांना आडवी कापत गेली की ते तुकडे तुकडे होऊन जाणवेनासे होतात. मग चार-पाच चकत्या एकावर एक रचून त्यांच्या काड्या करा आणि काड्या आडव्या धरून बारीक चिरा. यात आल्याचे कणकण राहतात आणि खाताना मध्येच एखादा चमकून जातो. परतलेल्या भाज्या, भात, कोबी-बीन्ससारख्या कोरड्या पदार्थांत मला हाच प्रकार आवडतो.

किसायचं असेल तर बारीक दातांची किसणी घ्या. सगळ्या तुकड्याची साल काढू नका. एका टोकाची काढून उरलेलं टोक मुठीसारखं धरा, म्हणजे बोटंही वाचतात. किसता किसता किसणीच्या वर दोऱ्यांचा एक पांढरट झुबका जमतो आणि खाली ओला, जवळपास पातळ कीस पडतो. तो झुबका फेकू नका. मुठीत दाबून पिळला की त्यातून आणखी चमचाभर रस निघतो, आणि तो कीसापेक्षा जास्त तिखट असतो. पिळून झाल्यावर उरलेला चोथा तेवढा टाका.

ठेचलेलं आलं उकळायच्या पदार्थांसाठी: सूप, रस्सा, चहा, सिरप. जाड चकती घ्यायची, बत्त्याचा किंवा सुरीच्या पात्याचा एक ठोका द्यायचा, बस. शिजल्यावर काढून टाकता येतं.

वाटण सगळ्यात सोयीचं, पण त्यानं आलं पदार्थात सगळीकडे सारखं पसरतं. दाट रश्शात तेच हवं असतं. हलक्या सूपमध्ये किंवा परतलेल्या भाजीत मात्र पेस्टमुळे पदार्थ गढूळ होतो आणि त्याची चव बोजड होते.

कच्चं आलं, शिजलेलं आलं आणि सुंठ यांच्या चवीत इतका फरक का?

कारण तिन्हींत तिखटपणा देणारा घटक वेगळा असतो. ताज्या आल्यात मुख्यतः जिंजेरॉल असतं. आलं वाळवताना त्यातला पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि त्याचं शोगाओल होतं. हे शोगाओल जिंजेरॉलच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त तिखट: तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर शुद्ध जिंजेरॉल सुमारे 60,000 आणि शोगाओल सुमारे 1,60,000 धरतात. सुंठीची चिमूट घशाशी जाऊन बसते ती यामुळे. शिजवताना जिंजेरॉलचा काही भाग झिंजेरोनमध्ये बदलतो. झिंजेरोन सौम्य असतं, त्याला गोडसर, मसाल्याचा वास असतो. हळू शिजलेल्या रश्शातलं आलं गोल आणि गोडसर लागतं त्यात त्याचा वाटा आहे.

वासाचा मामला वेगळा. ताज्या आल्याला लिंबासारखा जो वास येतो तो सिट्रालसारख्या उडून जाणाऱ्या तेलांचा. भांडं उघडं ठेवून उकळलं की हा वास आधी घरभर पसरतो आणि पदार्थातून निघून जातो. स्वयंपाकघरात आल्याचा सुंदर घमघमाट सुटला असेल तर तेवढा वास ताटातून वजा झाला असं समजा.

आणखी एक. जिभेवर आल्याची जी आग जाणवते ती मिरचीच्याच वाटेनं येते. दोन्हींचे तिखट घटक मज्जातंतूंवरच्या, आग टिपणाऱ्या एकाच ग्राहकाला (रिसेप्टरला), टीआरपीव्ही१ ला, चेतवतात. म्हणून पदार्थात मिरची भरपूर असेल तर आल्याचा तिखटपणा वेगळा ओळखू येत नाही, फक्त एकूण आग वाढते. आलं जाणवून द्यायचं असेल तर मिरचीचा हात आवरा.

मग आलं नेमकं कधी घालायचं?

तीन वेळा असतात. पहिली, सुरुवातीला गरम तेलात: आल्याचे तिखट घटक पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात, त्यामुळे चव सगळ्या पदार्थात मुरते आणि मऊ होते. दुसरी, मध्ये, पाण्याबरोबर: यातून चव स्वच्छ, सूपसारखी येते, चकत्या किंवा ठेचलेलं आलं इथे टाकावं. तिसरी, गॅस बंद केल्यावर: किसलेलं आलं किंवा नुसता रस. लिंबासारखा तो वास फक्त याच वेळी टिकतो.

मला विचाराल तर आलं नेहमी दोन हप्त्यांत घालावं. मसुराचं किंवा भोपळ्याचं सूप करताना तीन हिस्से आलं कांद्याबरोबर परतायचं आणि एक हिस्सा किसून, पिळून त्याचा रस वाढायच्या आधी घालायचा. आधीच्या आल्यानं तळ भरतो, नंतरच्यानं वरचा वास येतो. सगळंच आधी घातलं तर सूप बरं लागतं, पण आल्याचं लागत नाही. सगळंच शेवटी घातलं तर कच्चट लागतं. एकच सवय बदलायची असेल तर ही बदला.

आल्याची पेस्ट तळाशी चिकटते आणि करपते. काय करू?

आल्यात स्टार्च असतो. पेस्ट तेलात पडली की पाणी आटतं आणि हा स्टार्च तळाला धरतो. म्हणून रिकाम्या, धुरकटलेल्या तेलात पेस्ट कधी टाकू नका. आधी कांदा मऊ होऊ द्या, त्याच्या ओलाव्यात पेस्ट घाला, आच मध्यम ठेवा आणि हलवत राहा. चिकटायला लागलं तर दोन चमचे पाणी शिंपडून तळ खरवडा, आणखी तेल ओतू नका.

कच्चट वास गेला का हे वासावरूनच कळतं, पण डोळ्यांनाही दिसतं: आधी पेस्ट फसफसते, मग तडतडीचा आवाज बदलून बारीक होतो आणि कडेला तेल सुटायला लागतं. तिथे थांबा. त्यापुढे रंग गडद झाला की कडवटपणा येतो, आणि कडवट झालेलं आलं पुढे काहीही घालून सुधारत नाही.

आल्यानं मांस मऊ होतं हे खरं का?

खरं आहे. ताज्या आल्यात झिंगिबेन नावाचं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. पपई, अननस, अंजीर यांत असतात त्याच जातीचं. ते साधारण 60 अंश सेल्सिअसला सगळ्यात जोमानं काम करतं आणि 70 च्या वर गेल्यावर भराभर निकामी होतं. म्हणजे मुरत ठेवलेलं असताना ते थोडं काम करतं, आणि मांस हळूहळू तापत असताना बरंच.

चिकनच्या तुकड्यांना आल्याचा रस लावून अर्धा ते एक तास पुरे. जाड, चिवट मांसाला दोन-तीन तास. रात्रभर ठेवू नका: एन्झाइम आत फारसं शिरत नाही, वरवरचा थर मात्र पिठूळ, लिबलिबीत करून टाकतं आणि आतलं मांस होतं तसंच राहतं. त्याचं काम आणखी खोल जावं असं वाटत असेल तर तुकडे पातळ करा. माशाचं मांस मुळात नाजूक, त्याला दहा-पंधरा मिनिटांवर आल्याच्या रसात ठेवू नये. मऊ करणं हा हेतू असेल तर ताजं आलंच लागतं. शिजवलेल्या आल्यात एन्झाइम उरत नाही.

माशाला आलं कसं वापरावं?

वाफवलेल्या माशाला आल्याइतकी चांगली जोड दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. माशाच्या खाली जाड चकत्या पसरा, म्हणजे वाफ खालूनही खेळते आणि हिवस वास झाकला जातो. मासा शिजला की ताटलीत जमलेलं पाणी ओतून द्या. वर कोवळ्या आल्याच्या केसासारख्या बारीक काड्या आणि कांद्याची पात घाला आणि चांगलं तापलेलं तेल त्यावर चमच्यानं ओता. चर्रर्र आवाज आला पाहिजे. त्या एका क्षणात आल्याचा कच्चेपणा जातो आणि वास राहतो. शेवटी थोडा सोया सॉस. दक्षिण चीनमधली ही पद्धत आहे, आणि ती फ्लॉवर, टोफू, मशरूम यांनाही तितकीच लागू पडते.

चहात आलं घातलं की दूध फाटतं. दूध खराब असतं का?

बहुतेक वेळा दूध बरोबर असतं. फाटण्याचं कारण वर सांगितलेलं तेच एन्झाइम, झिंगिबेन. ते दुधातल्या केसीन या प्रथिनावर काम करतं आणि दूध दाणेदार होतं. आल्यात आंबटपणा असतो म्हणून दूध फाटतं अशी समजूत आहे, पण आलं तेवढं आंबट नसतं.

उपाय सोपा. आलं आधी पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळू द्या, दूध नंतर घाला. उकळीत एन्झाइम निकामी होतं. थंड किंवा कोमट दुधात किसलेलं आलं टाकून मग हळूहळू तापवणं ही फाटण्याची हमखास वाट, कारण दूध 60-65 अंशांच्या टप्प्यातून सावकाश जातं आणि एन्झाइमला हवं तेच मिळतं. खीर, कस्टर्ड, आइस्क्रीम यांनाही हाच नियम: आलं आधी पाण्यात किंवा पाकात उकळून घ्या. सुंठ वापरली तर ही अडचण सहसा येत नाही.

दूध आल्यानं मुद्दाम विरजवून करतात तो गोड पदार्थ कोणता?

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं आल्याचं दूध. विरजण नाही, अंडं नाही, जिलेटिन नाही. दूध, साखर आणि ताज्या आल्याचा रस, एवढ्यावर थरथरणारं, रेशमी कस्टर्ड तयार होतं. आल्याच्या गोड पदार्थांत मला हा सगळ्यात सुंदर वाटतो, कारण यात आलं चव तर देतंच, शिवाय पदार्थ उभा करण्याचं कामही करतं.

जून आलं किसून, फडक्यातून पिळून दीड टेबलस्पून रस काढा. तो लगेच वाटीत घ्या. रस जुना झाला की त्याचा जोर ओसरतो. 250 मिलि पूर्ण स्निग्धांशाचं दूध एक टेबलस्पून साखर घालून तापवा. उकळू नका. थर्मामीटर असेल तर 70 अंशांवर उतरवा. नसेल तर भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. एव्हाना वाटीतल्या रसाच्या तळाशी पांढरा स्टार्च बसलेला असेल. रस चमच्यानं ढवळून घ्या. मग वीतभर उंचीवरून दूध एका झटक्यात त्यावर ओता. यानंतर चमचा लावायचा नाही, वाटी हलवायची नाही, झाकण उचलून बघायचंही नाही. दहा मिनिटांनी वर अलगद ठेवलेला छोटा चमचा बुडाला नाही तर जमलं.

नाहीच जमलं तर तीन शक्यता: दूध फार गरम होतं आणि एन्झाइम मेलं, दूध फार गार झालं होतं, किंवा रस शिळा होता. स्किम्ड दुधाचं होतं तेव्हा ते पातळ आणि निस्तेज लागतं, म्हणून ते टाळा. गरम गरमच खा; फार वेळ ठेवलं तर पाणी सुटतं आणि थोडा कडवटपणा येतो.

आल्याच्या रसाची जेली सेट होत नाही, का?

जिलेटिन हे प्रथिन आहे आणि कच्च्या आल्याचा रस ते तोडतो. रस आधी उकळून घ्या. अगर-अगर वापरलं तर प्रश्नच येत नाही, ते प्रथिन नाही.

केक आणि बिस्किटांत ताजं आलं घालावं की सुंठ?

बिस्किटांत सुंठ, निःशंकपणे. ताज्या आल्याचं पाणी बिस्किटाचा कुरकुरीतपणा घालवतं आणि ओव्हनच्या आचेत त्याचा लिंबासारखा वास उडून जातो. सुंठीचा तिखटपणा भट्टीतही टिकतो. 250 ग्रॅम मैद्याला एक टीस्पून सुंठपूड म्हणजे नुसती चाहूल, दोन टीस्पून म्हणजे स्पष्ट आल्याचं बिस्किट, तीन म्हणजे ज्यांना घशात ऊब हवी त्यांच्यासाठी. चिमूटभर काळी मिरी घातली की सुंठ आणखी खुलते.

ओलसर केकमध्ये दोन्ही घाला: पिठात सुंठ, लोण्या-साखरेत किसलेलं ताजं आलं, आणि मिळालं तर पाकातल्या आल्याचे बारीक तुकडेही. गोडाला काकवी किंवा गडद ब्राऊन साखर घ्या. तिच्या कडवट कडेमुळे आलं उठून दिसतं, पांढऱ्या साखरेत ते एकसुरी वाटतं. शिवाय काकवी किंचित आंबट असते, त्यामुळे खायचा सोडा तिच्याबरोबर लगेच काम करतो आणि केक हलका होतो. असा केक त्याच दिवशी कापू नये. नीट गुंडाळून एक-दोन दिवस ठेवला की मसाला मुरतो, वरचा भाग किंचित चिकट होतो आणि चव दुपटीनं चांगली लागते.

ताज्या आल्याऐवजी सुंठ चालेल का?

प्रमाण सांगायचं तर एक टेबलस्पून किसलेल्या आल्याला पाव टीस्पून सुंठपूड. पण दोघांची चव एक नाही हे वर आलंच आहे. बेकिंग, कोरडे मसाले, दाट गोड पदार्थ यांत सुंठ चालते, किंबहुना बरी लागते. परतलेल्या भाज्या, वाफवलेला मासा, सॅलड यांत ती औषधासारखी लागते. आलं नसेल तर तिथे काहीच घालू नका.

सुंठपूड जुनी झाली की आधी वास जातो आणि मग नुसता धुळकट तिखटपणा राहतो. चिमूट तळहातावर चोळून वास घ्या. नाकाला काही जाणवलं नाही तर पदार्थालाही जाणवणार नाही.

पाकातलं आलं घरी कसं करायचं?

वेळ लागतो, कौशल्य फारसं लागत नाही. शक्य तेवढं कोवळं आलं घ्या. 500 ग्रॅम सोललेल्या आल्याच्या आडव्या, साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. भरपूर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, पाणी काढून घ्या, नव्या पाण्यात पुन्हा तेवढंच उकळा. यानं झणका कमी होतो आणि चकत्या मऊ होतात. ही पायरी गाळली तर साखर आत शिरत नाही आणि आलं पाकात कितीही शिजवलं तरी चामट राहतं. पहिलं पाणी फेकू नका. सूपला किंवा मध घालून प्यायला ते उत्तम.

आता 500 ग्रॅम साखर, अर्धा लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ एकत्र उकळा, चकत्या टाका आणि मंद आचेवर ठेवा. हळूहळू त्या काचेसारख्या अर्धपारदर्शक होतात. पाक 106 अंशांला आला की, म्हणजे पातळ मधाइतका दाट झाला की, उतरवा. तासभर पाकातच मुरू द्या. मग जाळीवर निथळून, अजून चिकट असताना साखरेत घोळवा आणि रात्रभर उघड्यावर वाळवा. पाक जास्त आटून साखर धरली तर घाबरायचं कारण नाही, थोडं पाणी घालून पुन्हा गरम करा.

निथळलेला पाक हा या सगळ्या खटाटोपाचा दुसरा फायदा. कापलेल्या फळांवर, पॅनकेकवर, केकवर चोपडायला, सोड्यात घालायला तो वापरा. असा पाक कुठलं तयार सिरप देत नाही.

आल्याच्या सिरपच्या तळाशी पांढरा साका बसतो. खराब झालं का?

नाही, तो स्टार्च. वरचं नितळ सिरप ओतून घ्या. साका कमी हवा असेल तर किसायच्या ऐवजी चकत्या वापरा: साखर आणि पाणी सारखं घेऊन उकळी आणा, चकत्या टाकून पाच-दहा मिनिटं मंद शिजवा आणि झाकून अर्धा तास ठेवा. लिंबाचा रस पूर्ण गार झाल्यावर घाला, गरम असताना घातला तर त्याचा ताजेपणा जातो. फ्रिजमध्ये ठेवा, फेस किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

गोडात आल्याची कशाशी जोडी जमते?

पेअर, सफरचंद, संत्रं, गाजर, लाल भोपळा, नारळाचं दूध, मध, गडद चॉकलेट. यात माझी पहिली पसंती पेअरला: फळ इतकं सौम्य असतं की आलं त्याला आकार देतं. चॉकलेटमध्ये ताजं आलं घालायचं तर आधी कोमट क्रीममध्ये नको, वर सांगितलेलं दुधाचं प्रकरण क्रीमलाही लागू आहे. पाकातलं आलं घाला. आणि गोड पदार्थात आलं असेल तेव्हा मिठाची कणी विसरू नका.

व्हिनेगरमधलं आलं गुलाबी का होतं, आणि माझं का झालं नाही?

कोवळ्या आल्याच्या गुलाबी टोकांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं, ते आंबटात गुलाबी होतं. जून आल्यात ते नसतंच, त्यामुळे ते पिवळसरच राहतं. विकतचं गडद गुलाबी आलं बहुधा रंग घातलेलं असतं. घरी करायचं तर अगदी पातळ चकत्या मीठ लावून अर्धा तास ठेवा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, पिळा आणि गरम व्हिनेगर, साखर, मीठ यांच्या मिश्रणात घाला. दोन दिवसांनी खायला घ्या.

आलं कापल्यावर आत निळसर वर्तुळ दिसलं, किंवा आलं-लसूण पेस्ट हिरवी पडली. टाकून द्यावी का?

काही जातींचं आलं आत निळसर-राखाडी असतं. ते टणक असेल आणि वास चांगला असेल तर खुशाल वापरा. हिरवा रंग लसणाचा: आंबट मिसळलं की त्यातले गंधकाचे घटक रंग बदलतात. अपाय नाही. लिबलिबीत झालेलं, बुरशी धरलेलं किंवा कुबट वास येणारं आलं मात्र सरळ टाका.

पदार्थात आलं जास्त झालं. काय करता येईल?

काप किंवा चकत्या असतील तर आधी वेचून काढा. नंतर नारळाचं दूध, क्रीम किंवा लोणी घाला, स्निग्धांशानं झणका दबतो. थोडी साखर मदत करते. लिंबू घालू नका, आंबटानं आलं आणखी पुढे येतं. खात्रीचा उपाय एकच: बिनआल्याचा तेवढाच पदार्थ करून त्यात मिसळणं.

रोज आलं खाल्लं तर चालतं का?

स्वयंपाकात वापरतो तेवढं बहुतेकांना चालतं. काहींना जास्त झाल्यावर छातीत जळजळते, त्यांनी कच्चं आलं कमी करावं. रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर आल्याचे काढे, गोळ्या, मोठ्या प्रमाणात रस हे डॉक्टरांना विचारूनच.

आलं आणि आल्याची पेस्ट किती दिवस टिकते?

अख्खं, न सोललेलं आलं कागदात गुंडाळून पिशवीत, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे सहज राहतं. ओलं ठेवू नका. कापलेलं टोक सुकलं तर तेवढं कापून टाका.

पेस्टच्या बाबतीत एका गोष्टीवर मी फार आग्रही आहे. आलं-लसणाची पेस्ट वर तेल ओतून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि हवेविना वाढणाऱ्या बोटुलिझमच्या जंतूंना तेच हवं असतं. लसूण-तेलातून अशी विषबाधा खरोखर झालेली आहे, आणि ते विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. पेस्ट फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त केली असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून गोठवा.

गोठवलेलं आलं आधी वितळवायचं का?

नाही. वितळलं की ते स्पंजासारखं लिबलिबीत होतं आणि पाणी सुटतं. फ्रीजरमधून काढून लगेच, दगडासारखं कडक असतानाच किसा. दोरे कडकपणामुळे तुटतात आणि कीस बर्फाच्या भुग्यासारखा बारीक पडतो. लागेल तेवढं किसून उरलेला तुकडा वितळायच्या आत परत फ्रीजरमध्ये ठेवा.